शरद ऋतू वगळून

माझा थोरला भाऊ जयवंत याच्या गाडीचे वायपर गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लख्ख ऊन पडलेले असताना, आपोआप सुरू झाले. गाडी आगाशीच्या घरासमोर उभी होती, आत कोणी बसलेले नव्हते आणि किल्ली दादाच्या खिशात होती. पाठोपाठ मागचे दिवे लुकलुकू लागले आणि शेवटी भोंगा वाजू लागला, तो थांबेना. बॅटरीची तार सोडवून मीच तो थांबवला, कारण जमलेले बाकी सगळे एकमेकांना त्याचे कारण समजावून सांगण्यात गुंतले होते.

गाडी व्हाल्डेनहॉफ कंपनीची होती. या युरोपीय कंपनीने नुकतेच आपले एक मॉडेल नाशिकजवळ जोडायला सुरुवात केली होती. ‘जोडायला’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. सुटे भाग खोक्यांत भरून तिकडून येत आणि इथे ते एकमेकांना जोडले जात. तिकडे त्या मॉडेलचे दिवस भरत आले होते, त्यामुळे उरलेल्या आयुष्यासाठी त्याला इकडे पाठवण्यात आले होते. कंपनीच्या जाहिरातीत याला ‘जागतिक दर्जा, आता भारतात’ असे म्हटले होते. या वाक्यातल्या पहिल्या दोन शब्दांवर आमच्या भागातल्या श्रीमंतांचा पूर्ण विश्वास होता आणि शेवटच्या दोन शब्दांमुळे तो पूर्णपणे उडालेला होता.

दादाने केळी-पानवेलीच्या वाडीचा रस्त्याकडचा भाग बिल्डरला विकून ही गाडी घेतली होती. त्याला खरे तर थेट परदेशातून आणलेली हवी होती. पण तिच्यावरचा कर ऐकून त्याने देशी जोडणीवर समाधान मानले. समाधान हा शब्द त्याने स्वतःहून कधी वापरला नाही. तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला गाडीचे दार लावायला सांगे.

“ऐकलास आवाज? तिजोरीसारखा. पण इंपोर्टेडचा याहून भरीव असतो.”

गाडी लवकर मिळाली ती माझ्या मुलामुळे. सुमेध नाशिकच्या त्या कारखान्यात अंतिम तपासणीवर होता. लाइनवरून उतरलेली प्रत्येक गाडी तो आणि त्याचे सहकारी तपासत आणि मगच ती बाहेर जाई. गुढीपाडव्याला मिळावी म्हणून दादाने गळ घातली, सुमेधने क्रम पुढे घेण्यासाठी शब्द टाकला आणि गाडी स्वतः तपासून मामाच्या ताब्यात दिली. तेव्हा या गोष्टीचे दादाने सगळ्या आगाशीत कौतुक केले होते. भोंगा वाजला त्या दिवशी हीच गोष्ट त्याने वेगळ्या स्वरात सांगितली.

“घरचा पोर म्हणून विश्वास टाकला, आणि त्याने डोळे मिटून शिक्का मारला!”

सुमेध गौरी-गणपतीसाठी रजेवर आलेला होता. तो समोरच उभा होता.

“मामा, गाडी तपासलेली होती. मी स्वतः पाण्याच्या फवाऱ्याखाली घातली होती.”

“मग ही काय वेड लागल्यासारखी करतेय?”

“उघडून बघायला हवं.”

“उघडायचं काय त्यात? हिंदुस्थानात जोडली, संपलं. पलीकडे गॅब्रिएलकडे हेच मॉडेल आहे. तिकडचं, ओरिजिनल. त्याच्या गाडीने एकदा तरी नुसतं कुं केलंय?”

गॅब्रिएल तुस्कानो आमचा शेजारी. दादाच्या शाळेतला सोबती आणि त्याच्यासारखाच वाडीवाला. त्याचा भाऊ प्लासिड कायमचा लंडनहून परतला, तेव्हा येताना तो हेच मॉडेल घेऊन आला. पण वसईच्या रस्त्यांवर ते चालवण्याचा धीर त्याला झाला नाही, म्हणून गाडी गॅब्रिएलकडे आली. गॅब्रिएलच्या गाडीला काहीच होत नव्हते, हे खरे होते. दोन गाड्यांमध्ये फरक कोणता, या प्रश्नाचे दादाने एकच उत्तर शोधले आणि तिथेच तो थांबला. माझ्या अनुभवात बहुतेक माणसे पहिल्या उत्तराशी थांबतात. ते सोयीचे असेल तर जरा आधीच.

मी व्यवसायाने धातुशास्त्रज्ञ आहे. गोखिवऱ्याला माझी लहानशी चाचणी प्रयोगशाळा आहे. कारखानदार बोल्ट, सळ्या, साखळ्या आणून देतात आणि त्या किती ताणाला तुटतात हे मी सांगते. तुटण्याआधी सांगितले तर त्यांना ते आवडत नाही. मोटारींमधली मी तज्ज्ञ नाही. पण स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे मला माहीत आहे आणि त्या दुपारी तेवढे पुरेसे होते.

बॉनेट आणि समोरची काच यांच्या सांध्यात एक काळी जाळी असते. काचेवरून ओघळणारे पाणी तिच्यातून खालच्या पत्र्याच्या पेटीत जाते आणि पेटीच्या तळाशी असलेल्या, बोटाएवढ्या जाडीच्या रबरी तोंडातून जमिनीवर पडते. याच पेटीच्या कोपऱ्यात गाडीची सगळी वीज सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा बसवलेला असतो. ही जागा कोणी आणि का निवडली असावी, याचा मी विचार केला. डबा तिथे थंड राहतो, हे एक कारण. दुसरे मला सुचले नाही.

सुमेधने आणि मी जाळी काढली. पेटी पाण्याने भरलेली होती आणि डबा त्यात अर्धा बुडाला होता. मी हात घालून तळाचे तोंड चाचपले, तेव्हा हाताला लागला तो कुजलेल्या फुलांचा लगदा. त्यात झेंडूच्या पाकळ्या होत्या, फुगून फुटलेले तांदूळ होते, हळदीचा पिवळा चिखल होता. वर एका कडेला, गाळावर, झेंडूची तीन-चार रोपे उगवलेली होती; पांढुरकी आणि वाकलेली.

कारण इतके उघड होते की ते सांगायला मला संकोच वाटला. दादा रोज सकाळी नळी लावून गाडी धूत असे. त्यानंतर शांतावहिनी तिला हळद-कुंकू लावत, अक्षता-फुले वाहत. मंगळवारी आणि शुक्रवारी झेंडूचा हार घालत. हार घसरू नये म्हणून तो काचेच्या पायथ्याशी, बरोबर जाळीवर ठेवला जाई. पुढच्या सकाळी नळीचा फवारा सुकलेली फुले आत ढकलत असे. गॅब्रिएलच्या गाडीवर चर्चच्या फादरांनी एकदाच पवित्र पाणी शिंपडले होते, तेही मोजके थेंब. आणि तो ती शनिवारी बादलीभर पाण्याने पुसत असे.

“वहिनी, गाडीवर फुलं वाहू नका,” मी म्हणाले. “निदान जाळीवर तरी नको. बाकी कुठेही वाहा.”

“वन्सं, देवाच्या फुलांनी कधी गाडी बिघडते का?”

“देवाची राहू द्या. झेंडूच्या फुलांनी बिघडते.”

दादा वाकून पेटीत न्याहाळत होता. तो सरळ उभा राहिला.

“हे आमचं नाहीच. कारखान्यातलं आहे. तिथे कामगार पूजा करतात ना रे सुमेध?”

“महिन्याच्या पहिल्या गाडीला हार घालतात, मामा. पण तुमची गाडी—”

“बघ! तेव्हाचा कचरा आत राहिला आणि याने तसाच पास केला.”

“मार्चमधला कचरा सप्टेंबरपर्यंत टिकून वर उगवलासुद्धा?” मी विचारले.

“तुझ्या पोराची बाजू तू घेणारच.”

हे वाक्य त्यानंतर मी बऱ्याच वेळा ऐकले. त्याच्यात एक सोय आहे. ते बोलणाऱ्याला पेटीत बघावे लागत नाही.

दादाने तक्रार केली ती थेट कंपनीच्या मुंबई कार्यालयात, आणि तिच्यात त्याने सुमेधचे नाव घातले. आठवड्याभराने तिथला दर्जा विभागाचा प्रमुख हर्षवर्धन आगाशीला आला. गळ्यात टाय होता. आंगणात उतरल्यावर त्याने आधी चिखल पाहिला, मग बूट, मग गाडी. मी मुद्दाम हजर होते. काढलेला गाळ मी रोपांसकट बरणीत भरून ठेवला होता. तो मी त्याच्यासमोर ठेवला आणि सगळा कार्यकारणभाव सांगितला.

त्याने बरणीला हात लावला नाही.

“मॅडम, सुटे भाग तिकडून येतात. ते हंड्रेड परसेंट तपासलेले असतात. म्हणजे राहिलं काय? असेंब्ली आणि इन्स्पेक्शन.”

“आणि रचना? पाण्याच्या वाटेत विजेचा डबा ठेवण्याची?”

“डिझाइन तिकडचं आहे.”

हे त्याने उत्तर म्हणून सांगितले.

“तिकडचं डिझाइन चुकू शकत नाही, असा काही नियम आहे का?”

“असं मी म्हटलं नाही. पण ही फुलं लाइनवरच्या पूजेतली असू शकतात, असं कस्टमर स्वतः म्हणतायत. इन्स्पेक्टरने ती काढायला हवी होती. शिवाय तो कस्टमरचा भाचा. रांगेत गाडी पुढे घेतली, घाईत पास केली. कंपनीला हे सीरियसली घ्यावं लागतं.”

“तो माझा मुलगा आहे, हे मी आधीच सांगते. पण रोपं तुम्ही स्वतः पाहा.”

“आई म्हणून तुमची भावना मी समजू शकतो, मॅडम.”

मी भावना दाखवली नव्हती, बरणी दाखवली होती.

चौकशी पूर्ण होईपर्यंत सुमेधने कामावर येऊ नये, असे त्याला सांगण्यात आले. दोष त्याच्यावर ठरला तर तो जाणार होता, आणि नुसता जाणार नव्हता. नातेवाइकाची गाडी न तपासता सोडणारा तपासनीस, ही ओळख घेऊन जाणार होता. अशा माणसाला दुसरा कोणताही कारखाना तपासणीवर घेत नाही, आणि तेही बरोबरच आहे.

मला राग आला तो अन्यायाचा नव्हे. अन्याय समजण्यासारखा असतो. राग आला तो एकमताचा. युरोपातल्या एका मोठ्या कंपनीचे आणि आगाशीच्या एका बागायतदाराचे जगातल्या दुसऱ्या कोणत्याही विषयावर एकमत झाले नसते. पण चूक इथल्या हातांची, यावर दोघे एकमेकांना न विचारता पोहोचले होते, आणि पेटीतल्या रोपांना त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. कंपनीला ते परवडत होते. दादाला ते शोभत होते.

सुमेध गोखिवऱ्याला माझ्याकडे येऊन बसू लागला. ताण-यंत्रावर बोल्ट चढवायचे, तुटेपर्यंत ताणायचे, आकडा लिहायचा. कोजागिरीच्या आदल्या दिवशी तो मध्येच हसला.

“आई, तुला एक गंमत सांगू? तिकडे ही पेटी दर सर्व्हिसला साफ करतात. ठरलेलं काम आहे. शरद ऋतूत झाडांची पानं गळतात, ती जाळीतून आत जातात, म्हणून.”

“मग इथे?”

“इथल्या सर्व्हिसमधून ते काम काढून टाकलंय. मुख्य कार्यालयाने. कारण भारतात शरद नसतो.”

“उद्या कोजागिरी आहे,” मी म्हणाले. “शरद पौर्णिमा.”

“त्यांना कोण सांगणार? आणि तेवढीच मजुरी वाचते.”

“हर्षवर्धनला माहीत आहे?”

“माहीत असणारच. पण ते बोललं तर चूक तिकडची ठरते, आणि त्याचा साहेब तिकडे बसतो. त्यापेक्षा मी सोपा.”

म्हणजे उत्पादन तिकडून इकडे हलवल्याने दर्जा खरोखर घसरला होता. दादाचा निष्कर्ष बरोबर होता. फक्त त्यामागचे एकही कारण बरोबर नव्हते. बोल्ट तितकेच आवळलेले होते, रंग तितकाच जाड होता. घसरली होती ती गाडी जिथे राहणार त्या जागेची चौकशी करण्याची तसदी.

दरम्यान दादाने वेगळाच निर्णय घेतला होता. कंपनीने वॉरंटीत डबा बदलून, पेटी साफ करून गाडी परत दिली. पण त्याचे मन उडाले होते. दसऱ्याला त्याने गॅब्रिएलशी गाडीची अदलाबदल केली होती. वर काही रक्कमही दिली. ती किती, हे त्याने मला सांगितले नाही आणि गॅब्रिएलला विचारले तेव्हा तो नुसता छताकडे बघत राहिला.

सौद्याआधी मी एक साधा प्रयोग सुचवला होता. दोन्ही गाड्या गॅब्रिएलच्या आंगणात शेजारी उभ्या केल्या. दादाने पाठ करून उभे राहायचे, मी कधी एकीचे तर कधी दुसरीचे दार लावायचे आणि त्याने आवाजावरून गाडी ओळखायची.

“ही तिकडची!” पहिल्याच आवाजाला तो म्हणाला.

“ही तुझी, जयवंता,” गॅब्रिएलने पायरीवरून कळवले.

“आता ही इकडची. बद्द वाजली.”

“ही माझी.”

आणखी काही वेळा झाले. नाणे उडवून सांगितले असते तर त्याला जास्त यश आले असते. तो वळला.

“आशा, तू मुद्दाम माझं दार जोरात लावतेस आणि त्याचं हळू.”

“मग तू लाव, मी पाठ करते.”

“तुला काय कळणार? तुला दोन्ही सारखेच वाटतील.”

“अगदी बरोबर,” मी म्हणाले.

गॅब्रिएल हसून हसून पायरीवर वाकला. “सौदा मोडतोस का रे?”

“मोडायचा कशाला? ठरलं ते ठरलं.”

“बरं केलंस. मला नवी गाडी मिळते. कुठे जोडली ते मला चालवताना दिसत नाही.”

ज्याची रचना माझ्या हातून कधी इतकी नेटकी झाली नसती, असा प्रयोग अशा रीतीने आगाशीत आपोआप सुरू झाला. दोन गाड्या, दोन घरे आणि अदलाबदल. दोष जोडणीत असेल तर तो गाडीबरोबर गॅब्रिएलकडे जाईल. दोष झेंडूत असेल तर तो दादाकडेच राहील. पावसाळाही संपलेला होता, त्यामुळे पाण्याचा दुसरा स्रोत उरला नव्हता.

त्यात ढवळाढवळ करण्याचा मोह मी टाळला, असे म्हणता येणार नाही. मी वहिनींना पुन्हा सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो वन्सं, ही तर तिकडची गाडी. हिला काही होत नाही.” आणि पहिल्याच शुक्रवारी हार जाळीवर होता. सुमेधही गेला. तो माझ्याहून भला आहे. त्याची नोकरी मामाची गाडी बिघडण्यावर अवलंबून होती आणि तरी तो जाळी साफ करायला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेला.

“हात लावायचा नाही,” दादा म्हणाला. “एक बिघडवलीस तेवढी पुरे.”

सुमेध परत आला तेव्हा त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि यंत्राजवळ जाऊन बसला. नाशिकहून निरोप आला होता की चौकशी मार्चअखेर बंद करायची आहे आणि त्याला स्वतःहून सोडायचे असेल तर अजून वेळ आहे.

“सोडतोस?” मी विचारले.

“सोडलं तर मी न तपासता शिक्का मारला, हे खरं होईल.”

“खरं होणार नाही. खरं मानलं जाईल.”

“नोकरीच्या बाबतीत त्यात फरक काय, आई?”

मी पुढचा बोल्ट यंत्रावर चढवला.

माघ महिना गेला. होळीनंतरच्या एका सकाळी वहिनींचा फोन आला. मागे भोंग्याचा आवाज इतका स्पष्ट होता की त्यांना काही सांगावे लागले नाही.

मी हर्षवर्धनला फोन केला आणि म्हणाले की तुमच्या मूळ देशात, तुमच्या मूळ कामगारांनी जोडलेली गाडी आगाशीला भोंगा वाजवते आहे. बघायची असेल तर आज या, उद्यापर्यंत मी जाळी उघडणार नाही. तो दुपारी आला. टाय नव्हता. गॅब्रिएल कुंपणाशी उभा होता; त्याची देशी गाडी त्याच्यामागे, सकाळीच निर्मळच्या बाजाराला जाऊन आलेली, निमूट उभी होती.

या वेळी जाळी मी काढली नाही. ती हर्षवर्धनलाच काढायला लावली. सुमेधला मी लांब, ओटीवर बसवले होते, म्हणजे त्यानेच आत काही टाकले, असे पुढे कोणी म्हणू नये. पेटीत पाणी होते, लगदा होता, तांदूळ होते. आणि कडेच्या गाळावर, पहिल्यापेक्षा कितीतरी दाट, झेंडूची रोपे होती.

हर्षवर्धन बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर विचार करणाऱ्या माणसाचे नव्हे, तर वाट शोधणाऱ्या माणसाचे भाव होते. वाट सापडली.

“ही गाडी आधी यांच्याकडे होती ना?” त्याने कुंपणाकडे बोट दाखवले. “तेव्हाचीच फुलं असतील. किंवा लंडनचीच. सेकंडहँड गाडीचं काही सांगता येत नाही. दोन वर्षांचा कचराही असू शकतो.”

“माझ्या घरी झेंडू?” गॅब्रिएल म्हणाला. “माझ्याकडे मोगरा आहे, साहेब. तोसुद्धा बायको विकते, गाडीवर टाकत नाही.”

“अहो, पण जुना कचरा सुकलेला राहतो, पाणी लागलं की—”

“काय बोलताय तुम्ही?”

हा आवाज दादाचा होता. तो पुढे आला, हर्षवर्धनला कोपराने बाजूला सारून पेटीवर वाकला आणि दोन बोटांनी एक रोप मुळासकट उचलले. वाडीचा तुकडा विकलेला असला तरी बोटे तीच होती. रोपाचे एकही मूळ तुटले नाही. त्याने ते उजेडात धरले.

“दोन वर्षांचा कचरा म्हणे! ही बियातली दोन पानं बघा. खरी पानं आत्ता फुटतायत. पंधरा दिवसांचं रोप आहे हे, फार तर तीन आठवड्यांचं. ऊन नाही मिळालं म्हणून लांबट झालंय. आणि बी कोवळं असतं तर रुजलंच नसतं. हार वर चांगला सुकलाय, मग आत पडलाय. आणि हा आमचाच झेंडू. मागच्या वाडीतला, तांबूस देठाचा. शिवरात्रीला शांताने दोन हार—”

तो थांबला.

वहिनींनी पदराचे टोक तोंडाशी नेले. माझ्या भावाने आयुष्यात गाड्यांविषयी, दारांविषयी आणि देशांविषयी अनेक विधाने केली होती. पण ज्या विषयातले त्याला खरोखर कळत होते त्या विषयात कोणी अडाणीपणा केला, तर तो गप्प राहू शकत नव्हता. हर्षवर्धनविषयी मला जे वाटत होते, नेमके तेच त्या क्षणी त्यालाही वाटले होते; फक्त त्यासाठी त्याला झेंडू लागला.

“शिवरात्रीला दोन हार,” मी सावकाश म्हणाले. “आणि गेल्या वेळची रोपं, दादा? भाद्रपदातली? मार्चमध्ये कारखान्यातून निघालेल्या गाडीतली?”

त्याने हातातल्या रोपाकडे पाहिले. खोटे बोलायचे तर ते रोपाबद्दल बोलावे लागले असते.

“तीही तेवढीच होती,” तो म्हणाला. “पंधरा दिवसांची. श्रावणातल्या हारातली असणार.”

“ऐकलंत?” मी हर्षवर्धनला विचारले. “हे कस्टमर आहेत. आई नव्हेत.”

“बरं, मग हा मिसयूज झाला,” हर्षवर्धन म्हणाला. “ओनरचा मिसयूज. कंपनीची जबाबदारी नाही.”

“चालेल. पण मग तिकडे दर सर्व्हिसला ही पेटी का साफ करतात? तिथली झाडंही मिसयूज करतात का?”

त्याने ओटीवर बसलेल्या सुमेधकडे पाहिले, मग माझ्याकडे. हिशेब करायला त्याला वेळ लागला नाही. तपासनिसावर दोष ठेवायचा तर तिकडच्या कामगारांवरही ठेवावा लागणार होता, आणि मालकावर ठेवायचा तर शरद ऋतूचा खुलासा करावा लागणार होता. कोणाचाच दोष नसणे सर्वांत स्वस्त पडत होते.

“सुमेध,” तो म्हणाला, “सोमवारपासून या.”

सुमेध उठून आला. “इतके महिने मी घरी का होतो, हे कोणी सांगणार आहे का, सर?”

“प्रोसेस क्लोज झाली, एवढंच समजा.”

“आणि इथल्या सर्व्हिसमध्ये ही पेटी साफ करायचं काम?”

“बघू.”

“बघू नका. ते घातल्याशिवाय मी एकाही गाडीवर सही करणार नाही. पाणी कुठून जातं ते ज्या गाडीत कोणी बघणार नाही, ती तपासली असं मला म्हणता येत नाही.”

त्याला हे वाक्य कोणी शिकवले नव्हते. मला ते ऐकून बरे वाटले आणि मी ते चेहऱ्यावर दिसू दिले नाही. समोर अजून साक्षीदार होते.

ते काम त्या वर्षी सर्व्हिसमध्ये घालण्यात आले. कंपनीने त्याला ‘उष्णकटिबंधीय विशेष देखभाल’ असे नाव दिले आणि त्याचे वेगळे पैसे लावले. शरद ऋतूचा उल्लेख कुठेच नव्हता. सुमेध सोमवारी नाशिकला गेला आणि अजून तिथेच आहे. त्याच्या हाताखालच्या गाड्यांची जाळी उघडून बघितली जाते, याबद्दल लाइनवर कुरकुर होते असे कळते.

त्या दुपारी हर्षवर्धन गेल्यावर दादा एकटाच गाडीपाशी थांबला होता. मी निघताना त्याचा निरोप घ्यायला गेले. एखादा शब्द येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. भाच्याची क्षमा मागणे हे त्याच्या पिढीतल्या मामांना शिकवलेले नसते. त्याने रोपे एकेक करून पेटीतून काढली होती आणि ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळून ठेवली होती.

“लावणार?” मी विचारले.

“लावीन मागे. जगतील.” त्याने सोपट माझ्यापुढे धरले. “पण एक बघ, आशा. त्या देशी गाडीतली रोपं कशी मरतुकडी होती, आठवतात? जेमतेम तीन-चार. आणि ही बघ. दाट, एकसारखी. काही म्हण, तिकडच्या गाडीची गोष्टच वेगळी.”

या विधानाचे खंडन करायचे तर दोन्ही गाड्यांत, एकाच झेंडूचे, एकाच दिवशी, सारखे बी पेरून पाहावे लागेल. गॅब्रिएल बहुधा तयार होईल. मी होणार नाही.